गाडी बघायला तात्यांना न्या

जुनी पिकअप घ्यायचं ठरलं की माणूस आधी पैशांची जुळवाजुळव करत नाही, तात्यांना फोन करतो. तात्या हे नाव नव्हे, हुद्दा आहे. कराडला त्यांना अण्णा म्हणत असतील, तासगावला आबा, निफाडकडे नाना. पण पांढरा पायजमा, सदऱ्याच्या खिशात टेस्टर, खांद्यावर मळका टॉवेल आणि ‘इंजान’ म्हणताना आवाजात येणारा आदर, एवढ्यावरून ते कुठल्याही तालुक्यात ओळखू येतात. तरुणपणी ते साखर कारखान्याच्या जीपवर ड्रायव्हर होते असं त्यांची माणसं सांगतात. क्लीनर होते असं बाकीचे सांगतात. स्वतःची चारचाकी त्यांनी आजवर घेतलेली नाही. त्याबद्दल कुणी शंका काढत नाही, उलट त्यानं त्यांचं वजन वाढतं. ज्याला इतकं कळतं तो घेईल कशाला?

त्यांच्या वडिलांना म्हणे खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैल बघायला लोक घेऊन जायचे. दात, खूर, वशिंड बघून म्हातारा एक शब्द बोलायचा आणि व्यवहार व्हायचा किंवा मोडायचा. तात्यांनी घराणं तेच ठेवलं, फक्त जनावर बदललं.

आमच्या भागात पिकअप हे मालवाहू वाहन आहे, ही गोष्ट आरटीओच्या कागदापुरती खरी. बाकी तिच्यावर सगळा संसार असतो. पहाटे दुधाचे कॅन, आठला पोरांची शाळा, दुपारी खताची पोती, संध्याकाळी कुणाचा तरी साखरपुडा. मागच्या हौद्यात माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, आणि काही झालंच तर विमा कंपनी हात वर करते, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी वऱ्हाड निघालं की फाळका खाली पडतोच. 2005 साली टाटांची एस आली तेव्हा लोकांनी लाडानं तिचा छोटा हत्ती केला. तात्यांनी मात्र तिला अजून गाडी म्हटलेलं नाही. ‘दोन शिलिंडरवर आमचं हिरीवरचं इंजान चालायचं,’ एवढंच म्हणतात आणि विषय संपतो. त्यांची निष्ठा बोलेरो पिकअपवर. चार सिलिंडर, 2523 सीसी, आणि बिघडली तर कुठल्याही फाट्यावरच्या गॅरेजात उघडता येते, हे शेवटचं कारण तात्यांच्या लेखी सगळ्यात मोठं.

तर आमच्या भाच्याला अशी एक पिकअप रोजच्या वापराला हवी होती. तात्या म्हणाले, ‘सकाळी सहाला निगायचं. गार असताना बगायची.’ या एका वाक्यासाठी मी त्यांना गुरू मानायला तयार आहे. डिझेल इंजिनाचं खरं दुखणं थंड असतानाच बाहेर पडतं. कॉम्प्रेशन गेलेलं असेल, ग्लो प्लग मेलेले असतील, तर ते सकाळच्या पहिल्या सेल्फला कळतं. एकदा तापलं की आजारी इंजिनही शहाण्यासारखं चालतं. हे जसं तात्यांना ठाऊक, तसं जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यालाही ठाऊक. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी धुऊनपुसून उभी होती आणि व्यापारी हसत उभा होता. तात्यांनी बॉनेटला हाताची मागची बाजू लावली, ताप बघतात तशी.

‘आमच्या आदीच उठवून बसवलीया व्हय रं हिला?’

‘न्हाई ओ पाव्हणं, आत्ता वॉशिंगवरनं आणली.’

‘मग गार हू दे. आमाला काय घाई न्हाई.’

आणि तात्या खुर्ची ओढून बसले. वाट बघणं ही त्यांची सगळ्यात मोठी विद्या. व्यापाऱ्याचा चहा येतो, दुसरा येतो, व्यापारी ‘दुसरं गिऱ्हाईक येतंय’ म्हणून घड्याळ बघतो, तात्या पेपरातली निधनवार्ता वाचतात. गाडी गार होईपर्यंत व्यापारी बराच गरम झालेला असतो.

मधल्या वेळात तपासणी चालूच असते. मीटरवर बासष्ट हजार किलोमीटर होते. तात्यांनी क्लचच्या पॅडलचं रबर बोटानं चाचपलं. गुळगुळीत. ‘बासष्ट हजारात एवढं घासलं? ड्रायव्हर काय पायात नाल ठोकून बसायचा?’ व्यापारी म्हणाला, ‘बदलून देतो.’ तात्या म्हणाले, ‘बदलल्यालं आसतं तर मी बसलोच नसतो.’ हे बोलणं खरं आहे. मीटर मागे फिरवणारा पॅडल विसरतो, आणि पॅडल आठवणारा टायर विसरतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालातला तेविसावा आठवडा. तात्या ते चष्मा न लावता, नुसत्या अंगठ्यानं वाचतात. निदान वाचल्यासारखं करतात.

मग ते हौद्यात चढतात आणि चक्क वास घेतात. बघणाऱ्याला हसू येतं, पण या वासात गाडीची जन्मकुंडली असते. मासळीचा वास म्हणजे मिठाचं पाणी, म्हणजे खालून चॅसिसला गंज. एमएच 08 ची पाटी बघितली की तात्या दुरूनच नमस्कार करतात. रत्नागिरीच्या माणसांवर त्यांचा राग नाही, हवेवर आहे. दुधाची गाडी रोज धुतलेली असते म्हणून तिचा पत्रा कुजतो. वाळूची गाडी वास देत नाही, ती पाट्यात सापडते. मागच्या पाट्यांत एखादा जादा पाटा घातलेला दिसला, की गाडीनं झेपेल त्याच्या दीडपट ओझं ओढलंय असं समजायचं. मग तात्या गाडीखाली शिरतात आणि चॅसिसवर वेल्डिंगचा टाका शोधतात. आम्ही त्यांचे दोन पाय बघत उभे राहतो. खालून आवाज येतो, ‘टॉर्च.’ भाचा मोबाईल देतो. ‘ह्यो न्हवं, टॉर्च.’

एकदाची गाडी गार होते. सेल्फ मारायच्या आधी तात्या सगळ्यांना गप्प करतात. शेजारचा वेल्डिंगवालाही थांबतो. इंजिन सुरू झालं की तात्या डोळे मिटतात, आणि त्या वेळात कुणी खोकलं तरी ते त्याच्याकडे डोळे न उघडता बघतात. ऑइल टाकायचं टोपण सैल करून ते नुसतं तोंडावर ठेवतात. टोपण जागेवर थरथरलं तर ठीक. उडी मारून पडलं किंवा तिथून भकाभका वाफ आली, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअरचं काम आलं. मग सायलेन्सर. काळा धूर म्हणजे एअर फिल्टर तुंबलाय किंवा नोझल डिझेल जास्त सांडतंय. हे कमी पैशांत निघतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय; हे महागात पडतं. पांढरा धूर सकाळी थोडा चालतो, पण गाडी तापल्यावरही सुटत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असलं, तर हेड गॅस्केटकडे बोट जातं. हे मी चार ओळींत सांगितलं. तात्या तेच सांगायला अर्धा तास घेतात, कारण प्रत्येक रंगाबरोबर एका नातेवाइकाची फसवणूक सांगायची असते.

फेरी मारायची वेळ आली की मात्र तात्या शेजारच्या सीटवर बसतात. लायसन संपलंय. ‘चढाला तिसऱ्यात सोड. आता दाब.’ भाचा दाबतो. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी मात्र होती तिथंच रेंगाळली, तर क्लच प्लेट गेली. याच फेरीत त्यांनी भाच्याला, पिवळ्या पाटीची गाडी चालवायला वेगळं लायसन लागतं, असंही बजावलं. हे आता जुनं झालं. साडेसात टनांच्या आतलं मालवाहू वाहन साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येतं असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली म्हटलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्का मारला. भाच्यानं हे सांगितल्यावर तात्या म्हणाले, ‘कोर्ट रस्त्यावर उबं ऱ्हातंय व्हय? हवालदार ऱ्हातोय.’

कागद हा तात्यांचा कच्चा दुवा, आणि इथं माझं त्यांच्याशी पटत नाही. ‘कागुद काय, एजंट करतंय,’ म्हणून ते बॉनेटकडे वळतात. खरं तर बोअरचं काम निघालं तर पैसे जातात आणि गाडी राहते. कागदात अडकलं की पैसे जाऊनही गाडी आपली होत नाही. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म 35 शिवाय तो उतरत नाही. मालवाहू गाडी आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी फिटनेसला उभी करावी लागते. स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ पिकअप याच पासिंगच्या तोंडावर विकायला निघतात. जुन्या मालकाची ई-चलनं गाडीसोबत फुकट येतात. आणि 29, 30 नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन वर्षानुवर्षं तसंच फिरणाऱ्यांना काय म्हणावं? कायद्यानं विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाव ज्याचं, अपघाताची जबाबदारी त्याची, असं न्यायालयानं 2018 साली स्वच्छ सांगितलंय. विकून मोकळा झालो म्हणणारा शेतकरी चार वर्षांनी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या दाव्यात उभा राहतो तो यामुळेच.

तात्यांच्या साम्राज्याला खरा धक्का मात्र 1 एप्रिल 2020 ला बसला. त्या दिवसापासून बीएस 6 आलं आणि धूर गेला. एका अड्ड्यावर अशी एक गाडी सुरू केली तेव्हा तात्या सायलेन्सरमागे बराच वेळ वाकून उभे होते. काळा नाही, निळा नाही, पांढरा नाही. ‘धूरच न्हाई तर बगायचं काय?’ त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच म्हातारपण पाहिलं. तेवढ्यात व्यापाऱ्याचा एक पोरगा आला, स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला आणि मोबाईलवर सगळं इंजिन वाचून दाखवलं. ‘मोबाईलला इचारून सोयरीक जमवताय लेकानू,’ असं म्हणून तात्या टपरीकडे चालू लागले. पण जाताना एक वाक्य टाकून गेले: ‘शाळा-डेरीपुरती फिरवायची आसंल तर ही नगं.’ कारण त्यांना ठाऊक नसेल, पण निकाल बरोबर होता. नव्या डिझेलच्या सायलेन्सरात काजळी धरून ठेवणारी गाळणी असते, डीपीएफ. गाडी लांब पल्ल्याला सलग पळाली, चांगली तापली, की ती काजळी जळून जाते. रोज चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याची गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि खर्च निघतो. रोजच्या वापराला जुनी डिझेल घेणाऱ्यानं पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की आपला रोज म्हणजे किती किलोमीटर. कमी असेल तर डिझेलच्या नादाला लागू नये, असं माझं मत. तात्यांपुढे ते मांडायची माझी छाती नाही.

आता निकालाचं. तात्यांनी आजवर कुठल्याही गाडीला ‘घे’ म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. ते म्हणतात, ‘गाडी वाईट न्हाई. पर आपल्याला न्हाई.’ पूर्वी मला हा भित्रेपणा वाटायचा. पण नाकारलेली गाडी कुणाच्या दारात येऊन बंद पडत नाही, आणि म्हणून तात्या कधी चुकत नाहीत. शिवाय त्यांच्या या नकाराला बाजारात किंमत आहे. साडेचार लाख सांगणारा व्यापारी, तात्या चपला घालायला लागले की चार-वीसवर येतो. तात्या रस्त्याला लागले की मागून हाक येते. मग टॉवेल निघतो, त्याखाली दोघांचे हात जातात, बोटं दाबली जातात, आणि आम्ही, ज्यांचे पैसे जायचे असतात ते, आकाशाकडे बघत उभे राहतो. शेवटचा आकडा आम्हालाच सगळ्यात उशिरा कळतो.

तात्यांनी नाकारलेलीच गाडी भाच्यानं घेतली. बहुतेक सगळेच तसं करतात. ती नीट चालली तर ‘दर कुणी पाडला?’, आणि बिघडली तर ‘मी नगं म्हनलं हुतं का न्हाई?’ दोन्ही वाक्यं तयार असतात, आणि पंचाईत अशी की दोन्ही खरी असतात. व्यापाऱ्याकडून तात्यांना काही पोहोचतं अशी गावात कुजबुज आहे. मी ते पाहिलेलं नाही. मी पाहिली ती मिसळ, आणि तिचे पैसे भाच्यानं दिले होते.

तुम्हाला पिकअप घ्यायची असेल तर बोजा, फिटनेस, विमा आणि चलनं आदल्या रात्री घरी बसून मोबाईलवर स्वतः तपासा, पसंत पडली तर नाव महिन्याच्या आत लावून घ्या, आणि बाकीचं तात्यांवर सोडा. फोन रात्री आठच्या आत करा. एसटीनं ते येत नाहीत, आणायला गाडी पाठवावी लागते.