धरणाच्या पाण्याला आरओ कशाला?

विक्रेता घरी येतो, दोन ग्लास मांडतो. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्रातलं. दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवतो. थोड्याच वेळात नळाचं पाणी तपकिरी होतं, दुसरं नितळ राहतं. समोर बसलेल्या आईबापांच्या पोटात गोळा येतो आणि सौदा पक्का होतो. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतोच. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि कांडीचंच लोखंड झिजून पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून ते तसंच राहतं. ही सरळ फसवणूक आहे.

आरओ, म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिस, हे खाऱ्या पाण्यासाठीचं यंत्र. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी येतं, पुण्याला खडकवासल्याचं. सह्याद्रीत पडलेला पाऊस तो! विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असतील तर भारतीय मानकाला ते पाणी चालतं. आपलं धरणाचं पाणी त्याच्या पुष्कळ खाली असतं. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून टाकायचं आणि तेच परत मिसळायला ‘मिनरल’ कार्ट्रिजचे पैसे मोजायचे, यात कुठलं आरोग्य आहे?

आता सांडपाण्याचा हिशेब. साधं घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना तीनेक लिटर सोडून देतं. पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज १५ लिटर धरा. ४५ लिटर सिंकमध्ये गेलं. शंभर घरांच्या सोसायटीत रोज साडेचार हजार लिटर, महिन्याला एक लाख ३५ हजार. म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतेरा टँकर. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. अशा चार सोसायट्या महिन्याभरात त्याहून जास्त पाणी गटारात घालवतात. आणि हे पाणी धरणातून उपसलेलं, शुद्ध केलेलं, वीज जाळून गच्चीवरच्या टाकीत चढवलेलं असतं. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्येच ५०० च्या खालच्या पाण्यावर आरओ नको असं बजावलं. तरी आजही दुकानात गेलात तर तुमच्या पाण्याचा टीडीएस कोणी विचारत नाही.

जंतूंची भीती मात्र खरी आहे. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या दूषित पाण्याशी जोडल्या गेलेल्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा पुणेकर धास्तावले ते उगाच नाही. पण त्याच काळात पुणे महापालिकेला त्या भागातले खासगी आरओ प्रकल्पही सील करावे लागले. जंतू मारायला क्लोरिन, यूव्ही किंवा खळखळून उकळणं पुरतं. त्यासाठी तीन लिटर ओतावे लागत नाहीत.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याला हे लागू नाही. तिथलं भूजल खारट आहे, तिथे आरओ हवाच. यवतमाळ, चंद्रपूरमध्ये जिथे फ्लोराईड आहे तिथेही. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांनी तपासणी करूनच ठरवावं. ज्यांना यंत्र लागतंच, त्यांनी बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला, संडासात वापरावं. फार खारट नसेल तर झाडांनाही चालतं.

बाकीच्यांनी आधी टीडीएस मीटर आणावा, काही शे रुपयांत मिळतो. घरच्या नळाचं पाणी मोजा. आकडा ५०० च्या आत असेल आणि पाणी नगरपालिकेचं असेल तर आरओ घेऊ नका. घेतलेला असेल तर पुढच्या वेळी मेम्ब्रेन बदलू नका, यूव्ही बसवा. आणि हा विषय सोसायटीच्या येत्या सभेत मांडा.