ग्राइंडरधारी शेजाऱ्यास अनावृत पत्र

श्री. रा. रा. तळमजल्यावरील शिल्पकार यांस,

सा. न. वि. वि.

गेले काही रविवार आपल्या गॅरेजच्या अर्धवट उघड्या शटरखालून ठिणग्या उडताना दिसतात. आपण जुनी मरून रंगाची जावा मोटारसायकल विकत घेतलीत आणि ती 'रिस्टोअर' करताय, एवढं वॉचमनकडून कळलं होतं. काल आत डोकावलो आणि खुलासा झाला. मागचं मडगार्ड भिंतीला टेकवलेलं, चासीचं शेपूट छाटलेलं, आणि त्या जागी बसवायला एक वाकवलेली नळी तयार. मनःपूर्वक अभिनंदन! एवढ्या निर्धाराने जुन्या गाडीचा निकाल लावणारा माणूस आपल्या सोसायटीत आजवर नव्हता. म्हणूनच हे पत्र दारात न टाकता नोटीस बोर्डावर लावतो आहे.

कीव येते ती मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातल्या मंडळींची. चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर 1961 पासून ही गाडी बनवत होते बिचारे, पण मडगार्ड हे कापण्यासाठीच असतं, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांना वाटलं, चिखल अडवायला लागतं. चेन उघडी ठेवली की गाडी किती 'रॉ' दिसते! त्यांनी ती पुढून मागून झाकून टाकली, का तर म्हणे धूळ बसू नये. टाकीच्या दोन्ही अंगांना क्रोम आणि गुडघे टेकायला रबरी पॅड दिले. आपण त्या सगळ्यावर मॅट काळा मारून विषय संपवलात.

सायलेन्सरच्या बाबतीत तर कमालच केलीत. दोन्ही अर्ध्यावर कापून आतली जाळी काढून टाकलीत. आता आवाज पलीकडच्या चौकापर्यंत जातो आणि जोर गेटच्या चढावरच संपतो. असं का होतं, ते कुणी सांगितलं नसेल तर सांगतो. या टू-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह नाहीत. जळालेला धूर बाहेर पडताना थोडं ताजं मिश्रणही त्याच्यामागे निसटतं. सायलेन्सरच्या आत आपटून मागे फिरलेली दाबाची लाट त्यातलं काही पुन्हा सिलेंडरात ढकलते. म्हणजे सायलेन्सर हा दागिना नव्हे, इंजिनाचाच अवयव. तो काजळीने तुंबला होता, हे कबूल. पण त्यावर इलाज होता कॉस्टिक सोड्याचा. जाळी सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजत घालायची, सकाळी हातमोजे चढवून ते डांबरासारखं पाणी ओतायचं आणि तारेच्या ब्रशने एकेक भोक मोकळं करायचं. काम घाणेरडं आहे, आणि त्याचा व्हिडिओही कुणी बघत नाही.

फिल्टरची पेटी काढून कार्बोरेटरच्या तोंडाला लाल शंकू लावलात, तोही सुंदर दिसतो. फक्त आता हवा जास्त, पेट्रोल कमी. या इंजिनाला ऑइल मिळतं तेच पेट्रोलमध्ये मिसळलेलं, तेव्हा पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. जेट न बदलता हायवेला लागलात तर पिस्टन गरम होऊन सिलेंडरात जॅम होईल आणि मागचं चाक धावता धावता अडेल. तेव्हा फोटोसाठी पोज न देता आधी क्लच दाबा.

मुख्य काम जिथे होतं, तिथे आपला हात पोचलेलाच नाही. गाडी सुरू केली की जो पांढरा लोट सुटतो, तो 'व्हिंटेज कॅरेक्टर' नव्हे. क्रँकचं डावं ऑइल सील गेलं की इंजिन क्लचच्या डब्यातलं ऑइल ओढून जाळतं. उजवं, डायनॅमोकडचं गेलं की बाहेरची हवा ओढतं. दोन रबरी कडी, बस्स. ती बदलायची तर क्लच खोला, डायनॅमो उतरवा, पुलर शोधा. एवढं करून बाहेरून गाडी होती तशीच दिसणार. मग कोण करतो?

किकचाच गिअर होणारा दांडा मात्र आपल्या तावडीतून वाचला. आत दाबून वर घेतला की किक, पुढे पाडला की गिअर; आणि गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, हात लावायला नको. जाता जाता एक सूचना: पॉइंटचं टायमिंग चुकलं तर हे इंजिन उलटंही सुरू होतं, आणि पहिला टाकताच गाडी मागे जाते. आपल्या गॅरेजात मागे भिंत आहे, म्हणून कळवलं.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे फेरफार चालत नाहीत. आणि 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल न केलेल्या गाडीलाच. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. आपले तेवढे वाचले.

गाडीला हातच लावू नये, देव्हाऱ्यात बसवावी, असं माझं म्हणणं नाही. सहा व्होल्टच्या दिव्यात रात्री समोरची म्हैस दिसत नाही; खुशाल बारा व्होल्ट करा. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. सीट, हँडल, रंग, सगळं आपल्या मर्जीचं. जे बोल्टने लागतं आणि बोल्टने निघतं, ते आपलं. ग्राइंडर लागतो तिथे आपला हक्क संपतो. कारखाना 1996 मध्येच बंद झालाय. त्या मापाचं मडगार्ड शोधत नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत गेलात तर नवा पत्रा दाखवतील, तो ना गोलाईत बसेल ना भोकांना जुळेल. नव्या रूपातली जावा 2018 मध्ये आली आहे. कापायची हौसच असेल तर तिला कापा, तिचे सुटे भाग शोरूममध्ये मिळतात.

ती नळी अजून वेल्ड झालेली नाही, म्हणून ही घाई. चासीचा कापलेला तुकडा असेल तर चांगला वेल्डर मापात धरून तो परत जोडू शकतो. तुकडाच नसेल तर त्याचाही नाइलाज. तेव्हा तो तुकडा, मडगार्ड, चेन कव्हर आणि जाळ्या भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. ठेवायला जागा नसेल तर रविवारी सकाळी मी येऊन घेऊन जाईन. पैसे रोख देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पहिल्या मजल्यावरचा शेजारी