पाकीट बघा, पाकीट!

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कोजागिरीला गच्चीवर सिनेमा दाखवायची पद्धत आहे. दूध आटेपर्यंत माणसं जागेवर बसवून ठेवायचा दुसरा उपाय कमिटीला सापडलेला नाही. एकदा अंताक्षरी करून पाहिली, तर ए विंग आणि बी विंगची बोलाचाल थेट तुळशीच्या लग्नापर्यंत बंद होती.

यंदा ठरला होता 'गंमत जंमत'. सचिनचा, १९८७चा. अपहरण आहे, प्रेम आहे आणि हसून पोट दुखतं; म्हणजे प्रणय, विनोद, थरार असं तिन्ही एकाच तिकिटात. वर्षा उसगावकरचा पहिला चित्रपट. अशोक सराफच्या तोंडी चक्क किशोरकुमारचा आवाज. विरोध करण्यासारखं काही नव्हतं, आणि विरोध कुणी केलाही नाही. मतं तेवढी सगळ्यांना होती.

ज्यांनी तो दादरच्या प्लाझाला पाहिला आणि ज्यांनी लालबागच्या भारतमाताला पाहिला, त्यांचं जमणं शक्यच नसतं. प्लाझावाल्यांच्या मते गोष्ट यथातथाच, पण दिग्दर्शन बघा. भारतमातावाल्यांच्या मते पब्लिक शिट्ट्या मारत होतं, आणखी काय बघायचं? मुलुंडातच लहानाची मोठी झालेली पिढी तिसरी. तिने हा सिनेमा केबलवर, जाहिरातींसकट, कायम मधूनच पाहिलेला. संवाद सर्वांत जास्त पाठ तिलाच. शिवाय निम्म्या लोकांना 'गंमत जंमत' म्हणून जो आठवत होता, तो 'अशी ही बनवाबनवी' निघाला. दिग्दर्शक तोच, अशोक सराफ तोच, मध्ये जेमतेम वर्ष, होतं असं. पण ज्यांची गल्लत झाली होती तेच सर्वांत ठाम होते. सी विंगच्या एका काकांनी साडी नेसलेल्या लक्ष्याचा प्रसंग 'गंमत जंमत'मध्ये इतका चपखल बसवून दाखवला, की तो मुळात तिथे नाही ही सचिनचीच चूक वाटायला लागली.

मग पाचव्या मजल्यावरच्या वकीलबाई बोलल्या. भारतीय कायद्यात चित्रपटाचा हक्क तो प्रदर्शित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. 'गंमत जंमत' २०४७ अखेरपर्यंत बांधलेला आहे. गच्चीवर सगळी सोसायटी जमवून दाखवायचा तर परवानगी काढा, पैसे भरा. पैशाचं नाव निघाल्यावर सांस्कृतिक समितीचा उत्साह जागच्या जागी बसला. २०४७ म्हणजे देश विकसित होणार तेच साल, असं कुणीतरी म्हणालं. "आणि आपल्याला नव्या इमारतीचा ताबा मिळणार तेही तेच," सेक्रेटरी म्हणाले. सगळे हसले. मग हळूहळू हसायचे थांबले.

फुकटचा पर्यायही वकीलबाईंनीच काढला. 'शरेड', १९६३. स्टॅन्ली डोनन दिग्दर्शक, कॅरी ग्रँट आणि ऑड्री हेपबर्न, पॅरिस शहर, खून, पैसा, प्रेम. आपल्याकडची साठ वर्षं २०२३ अखेर संपली. अमेरिकेत तर तो पहिल्या दिवसापासूनच बेवारस. त्या काळी हक्काची एक सूचना पडद्यावर नीट छापावी लागायची. युनिव्हर्सलसारख्या कंपनीकडून तेवढी राहून गेली आणि सिनेमा तिथे सगळ्यांचा झाला. हे ऐकून कमिटी अंतर्मुख झाली, कारण आमच्या इमारतीखालच्या जमिनीचं कन्व्हेयन्स अजून व्हायचं आहे. खजिनदारांना मात्र हुरूप आला. "बघा, हॉलिवूडवाल्यांचीही कागदपत्रं अपुरी असतात!"

सिनेमा सुरू झाला. पहिल्याच दृश्यात धावत्या गाडीतून एक माणूस बाहेर फेकला जातो. "चौथ्या सीटवरून झालं असणार," मागून निदान आलं. तो हेपबर्नबाईंचा नवरा, आणि त्याच्या मयताला जेमतेम पाच-सहा डोकी. एक जण तर तो खरंच मेलाय ना, हे बघायला त्याला टाचणी टोचतो. आमच्या एका काकूंना टाचणीचं काही वाटलं नाही. "एवढा पैसेवाला, आणि खांदा द्यायला चार माणसं नाहीत? आमच्या ह्यांच्या ऑफिसातून बस भरून येतील." शेजारी बसलेले 'हे' खुर्चीत जरा सावरून बसले.

पुढे अंगावरच्या सुटासकट कॅरी ग्रँट शॉवरखाली उभा राहतो. जगभर हा प्रसंग विनोदाचा नमुना म्हणून सांगतात. आमच्या गच्चीवर स्मशानशांतता. मुंबईचं पाणी जिथे शुद्ध होतं ते भांडुपचं केंद्र आमच्या उशाशी आहे, आणि तरी आमच्याकडे पाणी दिवसातून ठरल्या वेळी येतं आणि न ठरवता जातं. "बंद कर रे तो नळ," इतकंच एक मत आलं, तेही कळवळून. हात न लावता हनुवटीखालचं संत्रं दुसऱ्याच्या हनुवटीखाली द्यायचा खेळ मात्र महिला मंडळाला आवडला. पुढच्या हळदीकुंकवाला घ्यायचा, असंही ठरलं. जोड्या कशा लावायच्या ह्यावरून रद्द झाला.

नायकाचं वय हा मुद्दा तर येणारच होता. कॅरी ग्रँट साठीच्या उंबरठ्यावर, हेपबर्न त्याच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. ह्याची लाज खुद्द ग्रँटलाच वाटली होती. म्हणून लेखक पीटर स्टोनने मांडणी अशी केली, की हा अंग चोरतो आणि ती मागे लागते. ही माहिती मी पुरवली. काकूंनी क्षणभर विचार करून निकाल दिला, "म्हणजे मुलीकडच्यांनी पुढाकार घेतला. मग ठीक आहे." ग्रँट सिनेमाभर नाव बदलत राहतो, एकूण चार नावं होतात. त्याचं गच्चीला फारसं नवल वाटलं नाही. आमच्या बिल्डरच्या कंपनीचं नावही दर जनरल मीटिंगला नवं असतं.

शेअरबाजारवाले भाई पडद्याकडे बघतच नव्हते. गोष्टीतला पैसा अडीच लाख डॉलरचा आणि मुळात तो सोन्याच्या रूपात होता, एवढं कळल्यापासून ते मोबाइलवर हिशेब मांडत होते. तेव्हा अमेरिकेत सोन्याचा ठरलेला भाव औंसाला पस्तीस डॉलर. म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलो. ह्याला आजच्या भावाने गुणलं आणि भाईंनी मोबाइल पालथा ठेवला. "विकलं कशाला सोनं?" त्यांनी विचारलं. कुणाला, ते कळलं नाही. ह्या चित्रपटावर आजवर झालेल्या समीक्षेत हा प्रश्न कुणी उपस्थित केलेला माझ्या वाचनात नाही.

एक सिनेरसिकही होते. प्रत्येक सोसायटीला एक मिळतो. "हिचकॉकचा हात लगेच ओळखू येतो," ते म्हणाले. हिचकॉकने ह्या सिनेमाला हातही लावलेला नाही. 'हिचकॉकने न काढलेला सर्वोत्तम हिचकॉक' अशी ह्याची ख्यातीच आहे. हा डोनन म्हणजे 'सिंगिंग इन द रेन'च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक, नाचगाण्यातला माणूस. हे सांगितल्यावर रसिक म्हणाले, "तेच म्हणतोय मी." मराठी माणसाला चूक दाखवून दिली की तो हेच वाक्य म्हणतो.

आणि मग पोस्टातून निवृत्त झालेले आमचे काका. जिज्ञासूंनी इथून पुढचं वाचू नये, पण साठ वर्षांत ज्यांनी जिज्ञासा भागवली नाही त्यांची मला फारशी काळजी नाही. सगळे खलनायक ज्या पैशासाठी एकमेकांच्या जिवावर उठलेत, तो बाईच्या पिशवीतच असतो. नवऱ्याने लिहिलेलं एक पाकीट, आणि पैसा त्यावरच्या तिकिटांत. पाकीट सर्वांसमोर उघडतात, पत्र वाचतात, पुन्हा पिशवीत टाकतात. तिकिटांकडे कुणी ढुंकून बघत नाही. काकांनी मात्र जन्मभर पाकिटंच बघितली होती. पाकीट पडद्यावर आलं मात्र, ते उभे राहिले. "पाकीट! पाकीट बघा, पाकीट!"

मुंबईत हे वाक्य ऐकल्यावर माणूस एकच गोष्ट करतो. गच्चीवरचे सगळे हात मागच्या खिशावर गेले. पाकिटं जागच्या जागी आहेत ह्याची खात्री पटल्यावर "बसा हो काका" असं म्हणून लोक पुन्हा मतं द्यायला लागले. काका बसेनात. स्वीडनचं १८५५चं तिकीट, हिरव्याऐवजी चुकून पिवळं छापलेलं, जगात त्याचा एकच नमुना ठाऊक आहे, असं बरंच काही ते सांगत होते. दूध ढवळणाऱ्या वॉचमननेसुद्धा लक्ष दिलं नाही.

बऱ्याच वेळाने तिकिटांचं गुपित पडद्यावर फुटलं, तेव्हा अख्खी गच्ची चाट पडली. "आँ!" भाईसुद्धा. कुणालाच अंदाज नव्हता. काका ओरडून सांगत होते तेव्हा सिनेरसिक पार्श्वसंगीतावर बोलत होते, काकू जावयाच्या वयावर, आणि मी कॉपीराइटवर. डोननने ही चलाखी पॅरिसमधल्या चोरांसाठी केली होती, ती मुलुंडच्या प्रेक्षकांवर साठ वर्षांनीही तशीच चालली. माझं मत विचाराल तर सिनेमा अव्वल आहे. शेवटी कोण कोण आहे ते दोनदा उलटंपालटं होतं, आणि दोन्ही वेळा फसायला मजा येते. हेपबर्नला ब्रिटिश अकादमीचं पारितोषिक मिळालं ते योग्यच. दूध मात्र तळाला लागलं होतं, आणि कोजागिरीबद्दल दुसऱ्या दिवशी ग्रुपवर जी मतं आली ती फक्त दुधाबद्दल होती.

आता पुढची तयारी. 'तीसरी मंझिल' १९६६चा. विजय आनंदचं दिग्दर्शन, शम्मी कपूर, आशा पारेख, राहुल देव बर्मनचं संगीत. प्रणय, विनोद, थरार पुन्हा एकदा तिन्ही. साठ वर्षांच्या हिशेबाने चित्रपटाचा हक्क १ जानेवारी २०२७ला मोकळा होतो. गाण्यांचं प्रकरण वेगळं, असं वकीलबाईंनी बजावलंय, त्यामुळे त्यावर एक मीटिंग होईलच. तोवर मुलुंड, भांडुप, घाटकोपर आणि पलीकडच्या अंधेरी-बोरिवलीच्या समस्त काकांना नम्र विनंती: त्यातला खुनी कोण, ते तुम्हाला माहीत आहे हे आम्हाला माहीत आहे. सांगू नका.