बारा काळांचे सर

इंग्रजीचे खाजगी क्लास घेणारे सर तालुक्याच्या गावात लगेच ओळखू येतात. शर्टाच्या खिशात लाल आणि निळं अशी दोन पेनं, बाहीवर खडूची पावडर, आणि दर वाक्याला 'क्लिअर?' क्लास बहुधा पिठाच्या गिरणीच्या माडीवर. भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवलेला तक्ता : आडवे तीन काळ, उभे चार प्रकार, बारा घरं. या बारा घरांबाहेर इंग्रजी भाषा राहत नाही, असं सरांचं ठाम मत असतं.

मोडल ऑक्झिलरी येईपर्यंत सगळं सुरळीत चालतं. कॅन, कुड, मे, माइट, मस्ट ही मंडळी म्हणजे सासुरवाडीला आलेले जावई. 'एस' लावून घेत नाहीत, 'आयएनजी' लावून घेत नाहीत, समोर 'टू' चालत नाही. काम पुढच्या क्रियापदानं करायचं, पहिलं पान मात्र यांचं. सर त्यांनाही तक्त्यात बसवतात. कॅन वर्तमान, कुड भूत. मे वर्तमान, माइट भूत. वुइल-वुड, शॅल-शुड. चार जोड्या लावून सर हात झटकतात. "क्लिअर?"

मागच्या बाकावरून हात वर येतो. "सर, 'कुड यू ओपन द विंडो' म्हणजे खिडकी काल उघडायची होती का?"

"ते पोलाइट आहे. एक्सेप्शन."

"आणि 'इट माइट रेन टुमारो'? उद्याचा पाऊस भूतकाळात कसा?"

"तेही एक्सेप्शन."

सरांच्या वहीत नियम अर्ध्या पानात संपतो आणि एक्सेप्शनं तीन पानं चालतात. तरी नियमावरची श्रद्धा तसूभर ढळत नाही. नियम चुकीचा असेल ही शंका घेणं त्यांच्या दृष्टीनं शिस्तभंगात मोडतं.

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर सर रोज संध्याकाळी किराणा दुकानात स्वतः देतात. "अर्धा किलो साखर हवी होती," असं म्हणतात आणि लगेच पिशवी पुढे करतात. वाणी त्यांना 'कधी हवी होती?' असं विचारत नाही. गरज आत्ताची, रूप भूतकाळाचं, कारण मागणं जरा लांबून केलं की सभ्य दिसतं. इंग्रजीतला 'कुड' हेच करतो. भूतकाळी रूप दरवेळी घड्याळ मागे नेतं असं नाही. कधी ते खात्रीपासून लांब नेतं, कधी समोरच्या माणसापासून. बायको कुठे आहे असं कुणी विचारलं तर सर "घरी असेल" म्हणतात. म्हणजे आत्ता, उद्या नव्हे. 'वुइल'ही असाच चालू क्षणाचा अंदाज बांधतो. पण दुकानातलं व्याकरण माडीवर आणायचं नाही, हा सरांचा बाणा.

दोष एकट्या सरांचा नाही. उशाला रेन आणि मार्टिन या जोडीचं व्याकरणाचं पुस्तक. यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि 1924मध्ये त्यांनी परदेशी पलटणीतल्या शिपायांवर 'बो जेस्ट' ही साहसी कादंबरी लिहिली, हे सरांना सांगितलं तर विश्वास बसणार नाही. शॅल-वुइलचा नियम तर आणखी जुना. जॉन वॉलिस या गणितज्ञानं 1653मध्ये इंग्रजीचं व्याकरण चक्क लॅटिनमध्ये लिहिलं आणि 'मी'ला शॅल, बाकीच्यांना वुइल अशी वाटणी करून टाकली. त्यावरचा विनोद सर दरवर्षी सांगतात : बुडणारा परदेशी माणूस 'आय वुइल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी' असं ओरडला, म्हणून काठावरच्या इंग्रजांनी त्याच्या इच्छेचा मान राखला. मुलं हसतात. हसणं 'मस्ट' आहे हे त्यांना पहिल्याच आठवड्यात समजलेलं असतं.

'मस्ट' हा सरांचा लाडका सापळा. "मस्टचा भूतकाळ सांगा." कुणी 'मस्टेड' म्हटलं की सरांचा दिवस सार्थकी लागतो. "हॅड टू! मस्टला भूतकाळ नसतो!" हे बरोबर आहे, पण त्यामागची मौज सरांना माहीत नसते. 'मस्ट' हेच मुळात भूतकाळी रूप. त्याचं जुनं वर्तमानकाळी रूप वापरातून गेलं, आणि हा भूत वर्तमानात ठाण मांडून बसला. कॅन, मे, शॅल यांचंही कुळ तेच : आजची वर्तमानकाळी रूपं फार पूर्वीची भूतकाळी, म्हणून तर त्यांना 'एस' लागत नाही. ज्यांनी एकदा काळ बदलला आहे त्यांना सर पुन्हा काळ विचारतात.

मग एखाद्या दिवाळीत पुण्याला एमए करणारा जुना विद्यार्थी पेढे घेऊन येतो आणि बॉम्ब टाकतो. "सर, क्वर्क आणि मंडळींचं 1985चं व्याकरण म्हणतं, इंग्रजीत काळ दोनच. वर्तमान आणि भूत. हडलस्टन आणि पुलम 2002मध्ये तेच म्हणतात. 'वुइल' हा भविष्यकाळ नव्हे, मोडल."

सर तक्त्याकडे पाहतात. भविष्याची चार घरं, चार रंगांत. रंगाऱ्याला रोख पैसे दिलेले.

"ज्या भाषेला भविष्यच नाही," सर म्हणतात, "तिचे क्लास कोण लावेल?"

यावर क्वर्ककडेही उत्तर नसावं. शिवाय बारावीच्या पेपरात मोडलचा काळ विचारत नाहीत. शक्यता दाखवतो की सक्ती, एवढंच विचारतात, आणि तेवढं सर चोख घोटून घेतात. तेव्हा तुमचं पोर बारावीला असेल तर खुशाल पाठवा. इंग्रजी येईल की नाही याला 'माइट' लावा, मार्कांना 'वुइल'. फी दोन हप्त्यांत. पहिला जूनमध्ये, मस्ट. दुसऱ्यालाही सर मस्टच म्हणतात, पण पालक तो शुडसारखा भरतात.