माणूस पाहून संयम

आपल्या पोलिसांना संयमाचं प्रशिक्षण द्यावं, चिडलेल्या माणसाशी कसं बोलावं हे शिकवावं, काठी कधी उचलावी आणि पिस्तूल कधी काढावं याच्या कार्यशाळा घ्याव्यात, अशी मागणी अधूनमधून होत असते. मागणी करणारे बहुधा मुलाकडे परदेशी सहा महिने राहून आलेले असतात. माझा या मागणीला ठाम विरोध आहे. महाराष्ट्र पोलिसांइतका संयमी माणूस पृथ्वीच्या पाठीवर नाही.

शंका असेल त्याने अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर जाऊन उभं राहावं. मिरवणुकीला चोवीस तास होत आलेले असतात. हवालदार आदल्या दिवसापासून त्याच बुटात. समोर स्पीकरची भिंत, भिंतीपुढे मंडळ, मंडळापुढे अध्यक्ष.

"अध्यक्ष, जरा पुढं घ्या ना."

"घेतो साहेब. एवढं गाणं होऊ द्या."

गाणं होतं. दुसरं लागतं. हवालदार पुन्हा येतो. "दादा, मागच्यांचा विचार करा." दादा मागच्यांचा विचार करतात आणि त्यांनाही ऐकू जावं म्हणून आवाज वाढवतात. हवालदाराच्या हातात काठी असते. ती टेकून तो एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो. आवाज चढवत नाही, अंगावर जात नाही, कार्यकर्त्यांसमोर अध्यक्षांचा पाणउतारा करत नाही, त्यांना मान राखून माघार घ्यायला जागा ठेवतो आणि वेळ जाऊ देतो. अमेरिकेत नेमकं एवढंच शिकवायला तज्ज्ञ बोलावतात म्हणे. आपला हवालदार ते उपाशीपोटी करून दाखवतो.

तेव्हा प्रश्न कौशल्याचा नाही. कौशल्य कोणासाठी राखून ठेवायचं, याचा आहे.

हे पाहायला रात्रीची नाकाबंदी बरी. काळ्या काचांची मोठी गाडी थांबते. काच चार बोटं खाली येते आणि त्या फटीतून आधी मोबाइल बाहेर येतो. "बोला." हवालदार बोलत नाही, ऐकतो. "हो साहेब. नाही साहेब. गाडी ओळखली नाही साहेब." मोबाइल दोन्ही हातांनी परत जातो, बॅरिकेड हलतं. मागोमाग जेवणाची पार्सलं पोचवणारा पोरगा स्कूटरवर येतो. इथे संभाषणाची सुरुवात हँडलपाशी होते. आधी चावी निघते, मग विचारणा होते. पोरगा "काय झालं साहेब" एवढंच म्हणतो, आणि ते उद्धट उत्तर ठरतं. समोरच्यापासून धोका किती, हे जोखायला पोलिसाला क्षण-दोन क्षणच मिळतात असं आपण ऐकतो. खरं आहे. पण समोरचा कोणाचा आहे, हे जोखायला तेवढेही लागत नाहीत.

कायद्यात या दुसऱ्या प्रश्नाला कलम नाही, ही कायद्याची मोठीच त्रुटी. नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण ती जुन्याच वळणावर गेली. जमावाला आधी पांगायचा आदेश द्या, मग बळ वापरा. अटक केलेल्याला तो पळून जाणार नाही एवढंच जखडा, त्याहून जास्त नाही. सगळीकडे आपलं 'आवश्यक तेवढंच'. कोणासाठी किती आवश्यक, याचं कोष्टक मात्र जोडलेलं नाही. ते पोलीस ठाण्याने ठाण्यातच तयार करायचं.

हे कोष्टक कसं चालतं ते एकाच प्रकरणात सलग पाहायचं असेल, तर बदलापूर घ्या. ऑगस्ट २०२४. बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन पालक पोलीस ठाण्यात गेले. इथे पोलिसांनी जो संयम दाखवला, त्याला तोड नाही. पालकांना तासन् तास बसवून ठेवलं. गुन्हा नोंदवण्याची घाई नाही, शाळेकडे जाण्याची घाई नाही, उगाच कोणाची बदनामी नको. या संयमाची दखल पुढे मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली आणि पोलिसांना खडे बोल सुनावले. काही जण निलंबितही झाले. संयमाची कदर होत नाही ती अशी.

मग २० ऑगस्टला गाव रुळांवर उतरलं. लोकल दिवसभर बंद. मंत्री गिरीश महाजन बोलायला आले, विनवण्या झाल्या, आणि संध्याकाळी लाठ्या चालल्या. दगडफेकही झाली, पोलीसही जखमी झाले; ते काही खोटं नाही. पण आदल्या आठवड्यात ठाण्याच्या बाकावर कोणी त्या पालकांचं ऐकून घेतलं असतं, तर स्टेशनात काठी काढायची वेळच आली नसती. गर्दीशी करायचं बोलणं गर्दी जमण्याआधी करायचं असतं. नागपूरला २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी बांधव विधिमंडळावर मोर्चा घेऊन आले होते. कोणीतरी मंत्री बाहेर येऊन आपलं ऐकेल म्हणून वाट पाहत बसले. मंत्री आला नाही, लाठी आली. चेंगराचेंगरीत ११४ जण गेले, त्यात बायका आणि मुलंच जास्त. नंतर सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव दिलं. जिवंत माणसाला भेटण्यापेक्षा मेलेल्याच्या नावाचा पूल बांधणं सरकारला नेहमीच सोपं जातं. अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ ला मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला तेव्हा निदान तीन दिवसांत गृहमंत्र्यांनी माफी मागितली. प्रगती आहे.

आता तिसरा अंक. आरोपी त्याच शाळेतला सफाई कामगार. २३ सप्टेंबर २०२४ रोजी त्याला तळोजा तुरुंगातून पोलिसांच्या गाडीतून नेत असताना मुंब्रा बायपासजवळ त्याने म्हणे एका अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावलं, गोळ्या झाडल्या, एक अधिकाऱ्याच्या मांडीत घुसली. दुसऱ्या अधिकाऱ्याने स्वसंरक्षणार्थ एक गोळी झाडली. ती डोक्यात लागली. उच्च न्यायालयाने दोन दिवसांनी विचारलं की चार पोलिसांना एक माणूस आवरला नाही का, आणि गोळी पायावर किंवा हातावर न मारता डोक्यातच कशी. न्यायालयाला हे प्रश्न पडतात, कारण न्यायालयाला पोलिसांच्या प्रेस नोट वाचायची सवय नाही.

ज्यांना आहे, त्यांना ही कथा पाठ असते. हैदराबादला डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार-खून प्रकरणातल्या चारपैकी दोन आरोपींनी पहाटे शस्त्रं हिसकावली होती. जुलै २०२० मध्ये कानपूरच्या वाटेवर आधी गुंड विकास दुबेला नेणारी गाडी उलटली, मग पिस्तूल हिसकावलं गेलं. या देशात बेड्यांतल्या माणसाच्या हाताइतकी चपळता कुठल्याच हातात नाही, आणि पोलिसाच्या पिस्तुलाइतकी सैल वस्तू दुसरी नाही. हैदराबादच्या कथेची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या नागपूरच्या माजी न्यायमूर्ती सिरपूरकरांकडे दिली. त्यांच्या आयोगाने गोळ्या ठार मारण्याच्या इराद्यानेच झाडल्या होत्या, असं लिहून दिलं. तोवर पोलिसांवर फुलं उधळून झाली होती.

मुंब्र्याच्या तारखेत मात्र एक गंमत आहे, आणि ती कोणी मुद्दाम जुळवून आणली असेल असं मला वाटत नाही. ९९ चकमकी, सुमारे १३५ मृत्यू, काळ १९९५ ते १९९७, पोलीस मुंबईचे: या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सोळा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. चकमकीचा तपास त्याच ठाण्याने करायचा नाही, शस्त्र तपासणीला जमा करायचं, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायचीच, आणि शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत पदक नाही, बढती नाही. निकालाची तारीख २३ सप्टेंबर २०१४. बरोबर दहा वर्षं. निकालाचा दशकपूर्ती सोहळा असा साजरा झाला.

त्या सोळा तत्त्वांपैकी न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, हे मान्य केलं पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. त्यात गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरलं होतं, त्यांनी वापरलेलं बळ समर्थनीय नाही असं म्हटलं होतं. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नव्हते. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवायला सांगितलं. पुढचं पुढे. वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ नोव्हेंबर २००६ मध्ये झालेली चकमक बनावट होती आणि नामांकित 'चकमकफेम' अधिकारी त्यात दोषी आहे, हे उच्च न्यायालयाने सांगेपर्यंत मार्च २०२४ उजाडला. तोवर पार्कातले कितीतरी नाना-नानी निवर्तले असतील.

आणि शाळेचे विश्वस्त? प्रकरण उघड झाल्यापासून ते पोलिसांना सापडत नव्हते. ज्या दलाच्या गाडीत बसलेल्या आरोपीला एका गोळीत आवरणारे अधिकारी होते, त्या दलाला दोन प्रतिष्ठित माणसं आठवडेच्या आठवडे दिसली नाहीत. अटकपूर्व जामीन फेटाळला गेल्यावर ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला ते हाती लागले. कोणी पिस्तूल हिसकावलं नाही, कोणाच्या मांडीत गोळी गेली नाही. रीतसर अटक, रीतसर कोठडी, मग रीतसर जामीन. म्हणजे येतं की! सगळं येतं. कायद्याप्रमाणे वागायला पोलिसांना कोणी शिकवायची गरज नाही, हे मी सुरुवातीपासून सांगतोय.

आता हे कोष्टक पोलीस ठाण्यात बनतं म्हणून पोलिसांवर खापर फोडणं सोपं. पण त्याच्या तळाशी सह्या आपल्या आहेत. मुंब्र्याच्या घटनेनंतर मुंबईत फलक लागले. 'बदला पुरा' ही अक्षरं, शेजारी गृहमंत्र्यांच्या हातात बंदूक दिलेलं चित्र. बदलापुरात पेढे वाटले गेले. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर तर निवृत्त मुख्याध्यापकांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. याच गृहस्थांना मागच्या महिन्यात चौकातल्या हवालदाराने हेल्मेटवरून अरेतुरे केलं, तेव्हा त्यांनी आयुक्तांना तीन पानी पत्र लिहिलं होतं. गोळी कोणावर झाडावी याचा निर्णय व्हॅनमधल्या अधिकाऱ्याने अर्ध्या क्षणात घेतला असेलही. त्याला टाळ्या मिळणार हे त्याला बऱ्याच आधीपासून माहीत होतं.

फलक आता उतरले आहेत. त्या जागी वाढदिवसांचे लागले आहेत. त्या दोन मुलींच्या खटल्यात मुख्य आरोपी दोषी होता की नाही, त्याने नेमकं काय केलं, शाळेत कोणाला ते कळलं होतं आणि कोणी झाकलं, हे त्याच्या तोंडून कोर्टापुढे आता कधीच येणार नाही. त्याच्याविरुद्धचा खटला त्याच्याबरोबरच संपला.