इम्पोर्टेड सर्दी

श्रावणात राजूरला सर्दी कोणाला नसते? आमच्याकडे पाऊस एकदा बसला की बसलाच. चुलीवर दोऱ्या बांधून कपडे वाळवावे लागतात, भिंतींना ओल सुटते, एसटी स्टँडवर निम्मं गाव शिंकतं आणि उरलेलं नाक ओढतं. त्याची कोणी विचारपूस करत नाही. पण गुरुजींची सर्दी अमेरिकेहून आलेली. तिचा मान वेगळा.

गुरुजी हा पेन्शनीतल्या मास्तरांचा एक वाण आहे आणि तो बाजाराच्या प्रत्येक गावात सापडतो. मुलगा न्यू जर्सीत, घरावर दुसरा मजला, आणि अधूनमधून उन्हाळाभर एडिसनला मुक्काम. जाताना ठणठणीत, येताना मात्र काही ना काही अंगात घेऊन येणार.

यंदा मुलाने परदेश प्रवासाचा आरोग्यविमा काढून दिला होता. तिकडे असेपर्यंत गुरुजींना साधी शिंक आली नाही. मुदत संपली आणि कसारा घाटात थंडी वाजायला लागली. 'चार दिवस आधी आली असती तर अमेरिकन डॉक्टर तरी बघितला असता,' ही हळहळ त्यांना तापापेक्षा जास्त. घोटी सुटली तेव्हा नाक चोंदलं होतं, बारीपर्यंत आवाज बसला. त्या बसक्या आवाजातच राजूरच्या चौकात त्यांनी जाहीर केलं, "इन्फेक्शन विमानातलं आहे."

दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर खाट पडली आणि दरबार भरू लागला.

"रामराम गुरुजी, बरं नाही म्हणं?"

"बसा. कळसूबाई किती उंच?"

आलेला माणूस तब्येत विचारायला आलेला असतो, तोंडी परीक्षा द्यायला नव्हे. तो गप्प बसतो.

"एक हजार सहाशे सेहेचाळीस मीटर. आणि विमानात आतली हवा किती विरळ ठेवतात? दोन हजार, कधी चोवीसशे मीटरवर असावी तशी. म्हणजे मी कळसूबाईच्या डोक्यावर पंधरा तास बसून आलो. त्यात हवा कोरडी ठाक. घसा टिकेल का?"

माहिती खरी आहे. गुरुजी खोटं कधी सांगत नाहीत, एवढंच की खरं ते फार वेळ सांगतात.

मग जेट लॅगचा पाठ. एडिसनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे. त्यामुळे रात्री दोनला, म्हणजे तिथल्या दुपारी साडेचारला, गुरुजींना चहाची तल्लफ येते. काकू उठतात, गॅस पेटवतात, आलं ठेचतात. ठेचण्याच्या आवाजाने शेजारचं कुत्रं उठतं आणि त्याच्यामागून आळी. सकाळी अकराला सगळं गाव कामाला लागलं की गुरुजींची मध्यरात्र सुरू. शरीराला साधारण दर तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो म्हणतात, त्या हिशेबाने दहा दिवसांत घड्याळ जुळायला हवं. श्रावण संपत आला तरी गुरुजींचं शरीर अजून एडिसनलाच आहे.

डॉक्टरांनी मात्र पार विरस केला. घसा पाहिला, म्हणाले, "व्हायरल आहे. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. आराम करा, आठवड्याभरात जाईल." इंजेक्शन नाही, सलाईन नाही, विमान कुठलं होतं हेसुद्धा विचारलं नाही! गुरुजींनी पिशवीतून टायलेनॉलची भलीमोठी बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी लेबल वाचलं. "पॅरासिटामॉलच आहे, पाचशेची. आपल्या मेडिकलमध्ये पट्टीत मिळते तीच." त्यानंतर गुरुजी त्या दवाखान्यात गेले नाहीत.

एकदा आवणीहून परतणारा एक जुना विद्यार्थी इरलं भिंतीला टेकवून पायरीवर बसला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल, अंगात चांगलाच ताप. त्याने अर्धा तास गुरुजींची सर्दी ऐकली, जाताना एक गोळी मागितली, चुळकाभर पाण्याबरोबर गिळली आणि म्हणाला, "जपा गुरुजी, उरलेलं खाचर उरकतो." गुरुजी हळूच काकूंना म्हणाले, "याची साधी आहे."

ही निव्वळ आजाराची हौस असती तर मी लिहिलंच नसतं. परदेशातून आलेल्या माणसाची खरी अडचण निराळी असते. त्याचं कोणी ऐकत नाही. पहिल्या दिवशी गुरुजींनी मोबाईलवर नायगारा दाखवला. पाहणारा म्हणाला, "आपला रंधा पावसाळ्यात असाच दिसतो की." संपला नायगारा. पण आजाऱ्याला भेटायला आलेल्याला अर्ध्यातून उठता येत नाही, चहा येईपर्यंत तर नाहीच. खोकल्याच्या दोन उबळींच्या मधे गुरुजी न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे, नातवाची शाळा, सगळं घालून घेतात. मार्च 2020मध्ये परदेशातून येणाऱ्यांच्या हातावर शिक्के मारत होते. तेव्हा अशी सर्दी घेऊन आले असते तर श्रोता सोडा, दूधवाला आळीत शिरला नसता.

काकूंना हे सगळं कळतं. त्या सकाळी हुलग्याचं माडगं देतात, रात्री अडुळशाचा काढा देतात आणि मुलाला फोनवर सांगतात, "बरे आहेत रे, रोज दोन भाकऱ्या खातात. लोक यायचे थांबले की उठतील."

तेव्हा भंडारदऱ्याला जाताना राजूरला थांबलात तर पेढे जरूर घ्या. ओसरीवर शाल गुंडाळून कोणी खोकताना दिसलं तर रामराम करा आणि पुढे व्हा. कसं वाटतंय, हे मात्र विचारू नका. गुरुजींचा व्हिसा दहा वर्षांचा आहे.