थुंकायची दारू

ॲडलेडजवळच्या बरोसा खोऱ्यात भाच्याने वाइन चाखायला नेलं. टेबलावर पहिली नजर गेली ती पिकदाणीवर. घोट घ्यायचा, गुळणीसारखा खळखळवायचा आणि थुंकायचा. आपल्याकडे थुंकणाऱ्याला दंड. इथे न थुंकणारा अडाणी.

आधी रीस्लिंग. "पेट्रोलचा वास येतोय?" वाढणाऱ्याने कौतुकाने विचारलं. येत होता. मुरलेल्या रीस्लिंगचा तो दागिना म्हणे. म्हणजे पुण्यात पंपावरच्या रांगेत इतकी वर्षं माझं नाक तयारच होत होतं! मग फ्रान्सची शाब्ली. हिच्यात गारगोटीची चव. गारगोट्या लहानपणी ठिणग्यांसाठी आपटल्यात, चाटल्या नाहीत कधी. शेवटी इथलीच शिराझ: काळीकुट्ट, जांभळं कुस्करल्यासारखी, वर निलगिरीचा झणका. सर्दी झाली की आई रुमालावर शिंपडायची तोच. ही थुंकायला जीव होईना.

मत विचारलं तेव्हा गंभीर चेहऱ्याने "बराच वेळ रेंगाळते" एवढंच म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढा धीर आला तो बोर्दोच्या एका प्रयोगामुळे. फ्रेदेरिक ब्रोशे आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या वाइनमध्ये नुसता लाल रंग मिसळून वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे ठेवली. निष्कर्ष २००१ साली छापून आले. शिकल्यासवरलेल्या त्या नाकांनी तिचं वर्णन लाल वाइनच्याच शब्दांत केलं होतं.

भाचा गाडी चालवणार, म्हणून इमानेइतबारे थुंकत होता. त्याच्या वाटणीची शिराझ मग मीच संपवली.